तांडेलास विचारावे

रत्नागिरी
आश्विन, सन १९३४

प्रिय येसू,

दादाचा आशीर्वाद. तुझं श्रावणातलं पत्र पोचलं, उत्तराला मात्र दीड महिना लागला. आई बरी आहे. गुडघे धरतात, पण पडवीत बसून माडाची झापं विणते. हेदवीला सासूबाई तुला मायेनं वागवतात हे ऐकून तिला बरं वाटलं. त्याच्या पुढची ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. तू लिहिलं होतंस, 'ह्यांच्या हट्टापायी सहा घरं उजाड झाली. मी बाजारात मान वर करून चालत नाही.' ती ओळ मी रोज वाचतो.

रावजीशेटनी लाँच कंपनी काढली तेव्हा तुझं नुकतंच लग्न झालं होतं. एकच लाँच होती, 'मैना'. गंगाराम तिचा तांडेल, ती चालवणारा, आणि मी बंदरावरच्या चौकीत तिकिटं फाडणारा. शेट सकाळी धक्क्यावर यायचे आणि एवढंच विचारायचे, "काय गंगाराम, आज कसं?" गंगाराम खाडीच्या मुखाकडे बघायचा. कधी म्हणायचा, भरती चढू दे, मग निघू. कधी म्हणायचा, आज नको. शेट छत्री उघडून परत जायचे. तेच आमचं वेळापत्रक. सात वर्षांत एका माणसाचा पाय ओला झाला नाही.

पुढे तीन लाँची झाल्या, भागीदार आले आणि कंपनी नीट चालवायची तर जाणकाराचा सल्ला हवा असं ठरलं. मुंबईहून सल्लागार साहेब आले. माणूस वाईट नव्हता हे मी आजही सांगेन. दोन दिवस राहिले, सगळं वहीत टिपून घेतलं. त्यांनी बाकं बदलली, उन्हाला कनात लावली, बायकांना वेगळी जागा दिली. लोक खूष झाले. मला इंग्रजी पाचवीपर्यंतचं येत होतं, म्हणून मी मॅनेजर झालो. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. तू तेव्हा माहेरी आली होतीस. त्या खुर्चीत बसवून मी तुला चहा पाजला होता.

मग प्रत्येक गोष्ट मुंबईला विचारायची सवय लागली. रंग कुठला लावायचा, खलाशी कोण ठेवायचा, सगळं. साहेबांनी लिहिलं की लाँच रोज दहाला सुटावी, कारण प्रवाशाला घड्याळ कळतं, भरती-ओहोटी कळत नाही. म्हणणं खोटं नव्हतं. गंगाराम म्हणाला, "प्रवाशाला नाय कळत, पण खाडीला तर घड्याळ नाय कळत ना?" शेट हसले आणि वेळ दहाचीच राहिली. पुढच्या वर्षी साहेबांनी पावसाचे दहा वर्षांचे आकडे मांडून कळवलं, मेअखेर लाँची पावसासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवायची गरज नाही, दहा जूनपर्यंत खुशाल चालवा. गंगारामनं शेटना दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्या वेळी शेट म्हणाले, "अरे, त्यांनी अभ्यास केलाय." त्यानंतर शेट सकाळी धक्क्यावर यायचेच थांबले. यायचं कारण उरलं नव्हतं.

आता चार जूनचं सांगतो. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता, तरी खाडीच्या मुखाशी लाटा फुटत होत्या. आपले बाबा तांडेल होते, येसू. वाऱ्याशिवाय फुटणारी लाट म्हणजे काय, ते त्यांनी आपल्याला लहानपणीच शिकवलं होतं. दूर कुठेतरी दर्या उठलेला असतो आणि तो येत असतो. त्यात दहाला ओहोटी होती, मुखाशी वाळूवर पाणी कमी. गंगाराम सकाळी सातलाच चौकीत आला. म्हणाला, आज नको. मी शेटकडे निरोप धाडला. उत्तर आलं, मुंबईला तार कर. मी तार केली. दहा वाजत आले तरी जबाब नाही. आणि कंपनीचा लेखी नियम असा की जबाब येईपर्यंत वेळापत्रक पाळायचं.

मी त्याला नियमाचा कागद दाखवला. त्यानं तो बघितलाही नाही. म्हणाला, "हरी, कागद ऱ्हाव दे. तुला काय वाटतंय तां सांग." आम्ही दोघं एका होडीत वाढलेले. मला काय वाटत होतं ते मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "मला अधिकार नाही." तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "मी नाय नेली तर तू त्या नव्या तांडेलाला, केरूला धाडशील. त्याला अजून मुख कळत नाय." आणि निघाला.

धक्क्यावर त्यानं प्रवाशांना खाली उतरायला सांगितलं. हात जोडून सांगितलं. अकरा जण उतरले, सगळ्या बायका आणि पोरं उतरली. चौघं राहिले. एकाची आई जयगडला अखेरच्या घटका मोजत होती आणि बाकीच्यांचा कंपनीच्या वेळेवर भरवसा होता. मुखाशी पहिली लाट त्यानं बरोबर घेतली, ते मी चौकीतून पाहिलं. दुसरीला लाँचचा तळ वाळूला लागला. खलाशांपैकी शिवा पोहत किनाऱ्याला लागला, महिपत आणि ते चौघं प्रवासी गेले. गंगाराम तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या वाळूत सापडला, तो मीच ओळखला.

तारेचा जबाब पाच तारखेला दुपारी आला. साहेब परगावी गेले होते. तारेत एवढंच होतं, 'हवामान स्थानिक बाब. तांडेलास विचारावे.' रावजीशेट तो कागद हातात धरून संध्याकाळपर्यंत माझ्या समोर बसून होते.

यावरून आम्ही शहाणे व्हायला हवं होतं. पण सरकारला काय कळवायचं असा प्रश्न आला तेव्हा भागीदार म्हणाले, मुंबईला विचारा. आपल्या माणसाच्या मरणाबद्दल काय लिहायचं, हेही आम्ही मुंबईला विचारलं. साहेबांच्या कचेरीतून टाईप केलेला मसुदा आला. तांडेलानं वाट चुकीची घेतली, प्रवाशांत घबराट पसरवली, मॅनेजरनं केलेली सूचना मानली नाही. तेच शब्द पुढे वर्तमानपत्रात आले आणि तुझ्या गावात पोचले.

येसू, त्या कागदावर मॅनेजर म्हणून सही माझी आहे. तू ज्याला नवऱ्याचा हट्ट समजून चार महिने मान खाली घालते आहेस, तो हट्ट नव्हता, ते माझं खोटं आहे. उद्या सरकारी कचेरीत चौकशी आहे. मी सही परत घेणार आहे आणि घडलं ते सगळं सांगणार आहे. शेटना आज सकाळीच सांगितलं, ते नाही म्हणाले नाहीत. माझं काय व्हायचं ते होईल. पण परक्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्या हातचं कळावं, म्हणून हे लिहिलं. भाऊबीजेला ये असं म्हणायचं तोंड मला नाही, आईला भेटायला मात्र ये. मी त्या दिवशी घरी थांबणार नाही. आणि हेदवीच्या बाजारात त्या अकरा जणांपैकी कोणी भेटलं तर त्यांना विचार, आम्हाला खाली कोणी उतरवलं ते. ते सांगतील.

तुझाच,
दादा