चार घरांचं पदक

प्रिय दुर्बीण,

सात वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. याला देशील अशी आशा नाही आणि मला उत्तर नकोच आहे. फक्त शेवटपर्यंत वाच. पदक मिळालं. ते नव्हे, त्याच्या जागी दुसरं. परवा मी स्वतः कचेरीत जाऊन, सही करून घेऊन आले.

दोन अर्ज आधी परत आले होते. दोन्ही वेळा एकाच रकान्यावरून: पदक कोणाच्या ताब्यातून आणि कसे गहाळ झाले. खिडकीपलीकडचे कारकून तसे भले गृहस्थ. अंगठ्याला रबरी टोपी, टेबलावर चहाचा थंड झालेला पेला. पण हा रकाना आला की ते दगड. बाई, पदक तुमच्या वडिलांचं, मग ते दुसऱ्याच्या घरी काय करत होतं? मी त्यांना सगळं सांगितलं. चौघे टेहळे नदी ओलांडून गेले, तीन दिवस ओल्या गवतात पडून पलीकडच्या तोफा मोजल्या आणि चौघेही परत आले. अहवालावर सही तुकडीच्या नाईकाची, म्हणून पदक एकट्या माझ्या बाबांना. बाबांना ते गिळवेना. त्यांनी ठरवलं, एकेक वर्ष एकेका घरी. आमच्याकडून लंबूकाकांकडे, तिथून तारकाकांकडे, मग तुमच्याकडे, की पुन्हा आमच्याकडे. कारकून म्हणाले, असा नियम कुठेच नाही. मी म्हटलं, कुठेच नसेल, पण आम्ही तो छत्तीस वर्षं पाळलाय. तुमचे किती नियम एवढे टिकलेत? मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. त्या घरातल्या माणसाचं नाव लिहा, आम्ही खुलासा मागवू, काम होऊन जाईल.

तुझं नाव मी लिहिलं नाही. तिसऱ्या अर्जात लिहिलं: चौथ्या घरातून, कारण माहीत नाही. ते म्हणाले, अंदाज तरी लिहा. मी म्हटलं, टेहळ्यांच्या पोरी अंदाज लिहीत नाहीत. आठवतं ना, ते चौघे गच्चीवर पालथं झोपवून आपल्याला रस्त्यावरचे सायकलवाले मोजायला लावायचे? धूर दिसला तर धूर लिहा, आग लिहू नका. तू चष्म्याआडून डोळे बारीक करून अठ्ठावीस म्हणायचीस आणि ते अठ्ठावीसच असायचे. मी मात्र ओळखीचा दिसला की हाक मारून सगळ्यांचा पत्ता सांगून टाकायची. तुझे बाबा कपाळाला हात लावून म्हणायचे, हिला सोबत नेलं असतं तर चौघेही पहिल्याच दिवशी पकडले गेलो असतो.

तिसरा अर्ज मंजूर झाला तो दादाच्या संमतीमुळे, हेही सांगते. थोरला म्हणून त्याची सही लागते. सहा वर्षं तो म्हणत होता, ज्यांनी घालवलं त्यांनी आणून द्यावं. यंदा त्याचं नवीन घर झालं, बैठकीच्या खोलीत एक भिंत रिकामी राहिली आणि सही मिळाली. त्याने काचेची चौकट करून घेतली आहे, आतमध्ये छोटा दिवा, खाली पितळी पट्टीवर फक्त बाबांचं नाव. कचेरीत शेवटचा कागद हमीपत्राचा होता. पदक नोंदलेल्या पत्त्यावरच ठेवीन आणि पुन्हा गहाळ झाल्यास तिसरे मागणार नाही. पत्त्याच्या पहिल्या ओळीवर मी आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. कारकुनांनी रेघ पाहिली, मला पाहिलं, रांग पाहिली आणि शिक्का मारला.

पदक नवं कोरं आहे. कडेवर बारीक अक्षरांत लिहिलंय, बदली. दादाने भिंगातून वाचलं आणि त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, हे काही खरं नाही. मी म्हटलं, मग तुला कशाला हवं? तर म्हणतो, लांबून कुणाला कळतंय. चौकटीवर तो अजून अडून बसला आहे. बसू दे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. तुझे बाबा गेले त्या दिवशी, त्यांना नेण्याआधी तू त्यांच्या कोटाची बटणं लावत होतीस. मी खुर्च्या हलवत दारात होते. तुझी मूठ आतल्या खिशात गेली आणि उघडी होऊन बाहेर आली. खिशावरून तू दोनदा हात फिरवलास. आठवड्याने सगळ्यांसमोर म्हणालीस, माझ्या हातून हरवलं. दादा तुला, तुझ्या घराला, गेलेल्या माणसालाही नको ते बोलला. तू मान खाली घालून उभी होतीस आणि जन्मभर बडबडणारी मी गप्प बसले. मुठीत काय होतं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सात वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मी दादाला घाबरले. काल ते त्याला तोंडावर सांगितलं. जे पाहिलं तेवढंच सांगितलं, आणि पुढे हेही म्हटलं की मुठीत पदक असेल तर तिने योग्य तेच केलं. चौघांतला शेवटचा माणूस ते घेऊन गेला. त्याचा हक्क होता. तू माफी मागायची नाहीस. मागायची तर मी, आणि ती मी इथे मागते.

पाकिटात लोकरीचा मोजा आहे. नदीपलीकडे जाताना वाजू नये म्हणून ते चौघे अंगावरचं सगळं धातूचं सामान मोज्यात घालायचे, तसंच मीही घातलं आहे. मोजा उघड. तुझं वर्ष चौथ्या महिन्यात तुटलं, आठ महिने बाकी आहेत. ते संपले की पाळीप्रमाणे वर्षभर माझ्याकडे, माझ्या खोलीत, दादाच्या भिंतीवर नव्हे. मग लंबूकाकांच्या सुनेकडे. तिला मी कळवलं आहे, ती कपाट आवरायला लागली आहे. घरी न्यायला मी स्वतः येईन आणि दार उघडेपर्यंत बेल वाजवीन. त्याआधी पोस्टाने परत पाठवलंस तर मी तोच मोजा पुन्हा पाठवीन. बघू कोण आधी थकतं.

तुझीच,
भोंगा