आबा थांब्यावर उभे असतात

नारायणगाव,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

प्रिय तेजू,

कशी आहेस? आम्ही मजेत. अम्मीचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, बाकी ठीक. तू म्हणशील, हिला पत्र लिहायचं काय सुचलं, फोन बिघडला का? फोन धड आहे. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, कागदासमोर तुला गप बसावं लागेल. माझा भाऊ सलीम उद्या भाजी घेऊन पुण्याला येतोय, त्याच्या हाती पाठवते.

शाळेच्या मैदानात चिंचेखाली बस उभी आहे, पोरं वर्गात आहेत. आमचे ड्रायव्हर कुंडलिकभाऊ मागच्या सीटवर आडवे झालेत. "झोपलो न्हाई, डोळं मिटून गाडीचा इचार करतोय," म्हणतात आणि घोरतात. घोरू देत. परतीच्या फेरीला मला त्यांचे डोळे उघडे हवेत.

सकाळी धुकं लई होतं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे खांब दिसतच नव्हते, नुसत्या त्या जाळीच्या थाळ्या उसावर अधांतरी. भाऊ बैलगाडीच्या चालीनं बस चालवत होते आणि पोरं खिडकीला गाल टेकून अर्धी झोपेत. सीटचे पट्टे लावताना स्वेटरातून पोरांची ऊब हाताला लागते, तेव्हा वाटतं, ही बस कुठं पोचूच नये. तुझा लेक पप्पू सांगतो, त्या थाळ्या रात्री चांदण्या वेचतात. त्या वळताना दिसल्या की तो सगळ्या बसला गप करतो.

मी स्कूलबसवर ताई म्हणून लागले तेव्हा तू हसली होतीस, भांडकुदळ बुशराच्या हाती पोरं कुणी दिली म्हणून. अगं, भांडकुदळ आहे म्हणूनच दिली. बस पुरती थांबल्याशिवाय दार उघडायचं नाही. मी पत्र्यावर थाप मारल्याशिवाय भाऊंनी गाडी हलवायची नाही. शेवटच्या थांब्यानंतर सगळ्या सीटांखाली वाकून बघायचं, एखादं झोपलेलं राहतं. आणि घरचं मोठं माणूस समोर दिसल्याशिवाय पोर खाली उतरवायचं नाही. दोन्हीकडं ऊस, उसात बिबट्या. गेल्या आठवड्यात तुमच्या पलीकडच्या मळ्यातून शेळी नेली, वनखात्यानं पिंजरा लावलाय. एकदा एक आई थांब्यावर नव्हती म्हणून तिच्या पोरीला मी परत शाळेत आणलं, तर तिनं सगळ्यांसमोर माझा उद्धार केला. करू दे.

तुमच्या थांब्यावर मात्र मला कधी बघावं लागलं नाही. तुझे आबा असायचेच. बस दिसली की काठी आपटायची, उसाकडं तोंड करून मोठ्यानं खाकरायचं, मग नातवाचा हात धरायचा. आपण दोघी शाळेतून येताना एसटीतून उतरायचो तेव्हाही असंच करायचे.

दिवाळीत तू म्हणालीस, आबा विसरायला लागलेत, वयानं होतं. मीही हो म्हटलं. आपण दोघींनी ते चिवड्याबरोबर खाऊन टाकलं.

मंगळवारी त्यांनी पप्पूचा हात धरला, पण बघत होते बसच्या दाराकडं. मला म्हणाले, "बुशरे, तेजी मागं ऱ्हायली का गं? तुमी दोघी संगच येता ना?" मला वाटलं, थट्टा करतायत. मीही हसून म्हटलं, "तिला आज जादा तास आहे, आबा." ते म्हणाले, "बरं बरं, थांबतो मंग." मी थाप मारली आणि गाडी निघाली.

बुधवारी ते उभे दिसले. मी पप्पूला उतरवलं, थाप मारली. मोठं माणूस समोर होतं, माझ्या नियमात काही चुकलं नव्हतं.

काल सकाळी पट्टा लावताना पप्पू म्हणाला, "ताई, काल मी एकटाच घरी गेलो. आबा रस्त्यावरच थांबले व्हते. मम्मी दुसऱ्या गाडीनं येणारे म्हणले." उसातली ती पायवाट, दिवस मावळताना, सहा वर्षांचं पोर. तो मात्र खूश होता, वाटेत गाणं म्हटलं म्हणाला. तेजू, तो धडधाकट आहे, आत्ता वर्गात बसलाय. पण मला तेव्हापासून घास गोड लागत नाही.

काल संध्याकाळी मी आधी स्वतः उतरले. म्हटलं, "आबा, पप्पूला न्यायला आलात ना?" त्यांनी आत डोकावून पाहिलं. पप्पूनं हात हलवला. आबा म्हणाले, "ग्वाड हाये. कुणाचा?"

अंधारून येत होतं. पोराला त्यांच्या हाती देता येईना आणि त्यांनाही तिथं सोडता येईना. मी म्हटलं, "चला आबा, तेजूला घ्यायला जाऊ." गपगुमान चढले आणि पप्पूशेजारी बसले. मी त्यांनाही पट्टा लावला. बाकी पोरं उतरून गेली होती. बाहेर त्या थाळ्या सगळ्या एकीकडं तोंड करून उभ्या, आणि आत पप्पू त्यांना चांदण्या वेचण्याचं सांगतोय आणि आबा "व्हय का, व्हय का" म्हणतायत. नातू ओळखू येत नव्हता, पण हात त्याचाच धरला होता. मला वाटलं, अशीच फिरत राहावी गाडी, कुणाला कुठं उतरवायलाच नको. कुंडलिकभाऊंनी मळ्याला वळसा घालून तुमच्या शेजारच्या साळुबाईच्या दारापर्यंत बस नेली. दोघांना तिच्या हवाली केलं.

आज सकाळी मोठ्या बाईंना सांगून आले, पप्पूला यापुढं आजोबांच्या हाती देणार नाही. बोलताना रडू आलं. ज्यांनी मला रोज उसातून घरी पोचवलं, त्यांच्यावरच भरवसा नाही असं मी सांगून आले. तुझा रागही येतो, आणि तू तिथं हॉस्पिटलात रात्रपाळ्या कुणासाठी करतेस तेही कळतं. तुझा काडीमोड झाला तेव्हा आबाच म्हणाले होते, पोरगं माझ्याकडं ठेव, तू नोकरी बघ. तेव्हा ते म्हणाले ते खरंच होतं.

साळुबाई रविवारपर्यंत दोघांचं बघते म्हणाली. पुढं तिला टोमॅटोच्या कामाला जायचंय. पप्पूला मी माझ्या घरी ठेवीन, हवं तितके दिवस. अम्मीनं त्याच्यासाठी गोधडी उन्हात टाकलीसुद्धा. पण आबा थांब्यावर येतच राहणार. त्यांना मी रोज काय सांगू?

रविवारी ये. रजा मिळाली तर ये, नाही मिळाली तरी ये. डॉक्टरकडं मी बरोबर येईन. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे दारात तुला धक्का बसायला नको. त्यांना दोन वेण्यांची तेजू हवी आहे. तुझ्याकडं बघून कदाचित विचारतील, कुणाची गं तू? तेव्हा रडू नकोस. त्यांचा हात धर आणि सांग, आबा, शाळा सुटली, चला घरी.

वाट बघणाऱ्यांतली एक,
बुशरा