अर्ध्या डाळिंबाचा वारस

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, व्यवसायाने फळापानांची जलरंगातली चित्रे काढणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दबाव आणायला घरात दुसरे कोणी नाही.

१. माझ्याकडची चारशे बारा मूळ चित्रे वनस्पती संग्रहालयाला द्यावीत. मात्र तिथल्या जुन्या प्रमुखांना चित्रांना हात लावू देऊ नये. पुस्तकात बसेना म्हणून या गृहस्थांनी माझ्या अंजिराच्या पानाचे टोक कापून छापले होते. मी ते विसरलेले नाही.

२. ब्रश, रंग आणि भिंग फ्रेमवाल्याला द्यावे. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाईंनी सांगताच त्याने साक्षीदार व्हायला चटकन नकार दिला. माणूस सरळ आहे.

३. हे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या भावाला मिळावी. कारण लिहिण्याची कायद्याला गरज नाही, पण मला आहे.

वडील गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. माझ्या कामात फळ कापले की ते सुकायच्या आत रंगवायचे आणि चित्र संपेपर्यंत त्याला कोणी बोट लावायचे नाही. तोवर ते खाण्याजोगे उरत नाही. एका संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या भावाने टेबलावरचे कापलेले डाळिंब खाऊन टाकले. चित्रातले निम्मे दाणे अजून व्हायचे होते.

"तीन दिवसांचं काम गिळलंस!" मी ओरडले.

"भूक लागली होती गं, ताई. या घरात खायला दुसरं असतं काय?"

"मग जिथं मिळतं तिथं जा."

तो गेला. आठ दिवसांनी त्याने पेटीभर डाळिंबे पाठवली, एकेक कागदात गुंडाळून. मी बाराच्या बारा भिंगाखाली फिरवून पाहिली. माझ्या डाळिंबाच्या सालीला होती तशी चीर एकालाही नव्हती. "उपयोगाची नाहीत" अशी चिठ्ठी लावून मी पेटी परत पाठवली. तो माफी मागत होता आणि मी नमुना शोधत होते, हे माझ्या डोक्यात वर्षभराने शिरले. तोवर पत्र लिहायची लाज वाटू लागली. याला सतरा वर्षे झाली.

४. ते अर्धे चित्र त्याचेच. ते कोणाकडून पूर्ण करून घेऊ नये.

५. मला त्याची फार आठवण येते. हे कलम कायद्यात बसत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, "असू द्या."

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. याची एक प्रत मात्र वकीलबाईंनी आजच्याच टपालाने भावाला पाठवावी. घर त्याला मिळणारच आहे, पण मी त्यात आहे तोवर त्याने यावे. आधी कळवायची गरज नाही. मी घरीच असते.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
तारीख: १४ नोव्हेंबर
सही: (ताई)

आम्हा दोघांसमोर बाईंनी स्वतः वाचून सही केली:
१. तळमजल्यावरच्या नर्सबाई
२. कोपऱ्यावरचा फळवाला