डाव्या मडगार्डचा पोचा

गुरुवार, १६ जानेवारी. नौपाडा

कोपरीचे सावंतकाका नव्वदी ओलांडलेले. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मोटार कारखान्यात उमेदवारी केलेले. तिथल्या पहिल्या गाडीची पूजा झाली तेव्हा त्यांनी उत्साहाच्या भरात नारळ जमिनीवर न फोडता थेट डाव्या मडगार्डवर फोडला. पोचा पडला! आता कंपनीने संग्रहालय काढून ‘आमची पहिली गाडी’ मांडलीय. काकांचे गुडघे गेलेत, म्हणून मला पाठवलं. “पोचा असला तरच ती खरी. नीट बघ रे!”

आज गेलो. डावं मडगार्ड आरशासारखं. पोच्याचं विचारलं तर तिथले साहेब अभिमानाने म्हणाले, “सगळे पोचे काढले! इतिहास जपायचा तर नीट नको?”

म्हणजे पुरावाच इस्त्री करून ठेवलाय. मग गाडी तीच की दुसरी? येताना कोपरीत काकांना सांगितलं. ते चिडले, पण माझ्यावर.

“आतून हात फिरवलास? पत्रा बाहेरून सरळ होतो, आतून हातोडीचे घाव राहतात.”

“नाही फिरवला.”

“आणि पेपरात लेख लिहून जगाच्या चुका काढतोस!”

लागलं. पण मघापासून हाताला एकच चाळा लागलाय. जेवताना ताटाच्या खालून बोटं फिरवत होतो.