विमान विकणार नाही, दादा

वाडी, नागपूर
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९७५

तीर्थस्वरूप जागेश्वरदादांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा (अजून तरी) साष्टांग नमस्कार. इकडे मी, ट्रक आणि विमान असे सगळे खुशाल आहोत. दसऱ्याला माझी वाट पाहत गच्चीवर उभं राहून तुमचा गुडघा सुजला असं कळलं, त्याचं मनापासून वाईट वाटलं. वहिनींना शेकायला सांगा. ‘विमान विकून टाका, तेव्हाच गोपिका नागपूरला परत येईल’ हे तुमचं पत्र वाचून मात्र अजिबात वाईट वाटलं नाही, कारण मी विमान विकणार नाही. गोपिकाही मला परत हवी आहे. दोन्ही हवं म्हणणं हावरटपणा असेल तर मी हावरट आहे.

तिनं तुम्हाला काय सांगितलं असेल याचा अंदाज आहे, म्हणून माझी बाजू ऐका. यंदा विमानतळावरून मला निक्षून सांगण्यात आलं की, टॉवरशी धड बोलता येईल असा नवा रेडिओ बसवा, नाहीतर उडू नका. (जुना रेडिओही बोलायचा, पण त्याच्या मर्जीनं.) मी कलकत्त्याहून नवा सेट मागवला. आमच्या नत्थूजी मिस्त्रीनं तो बसवला आणि मग विमान मैदानात चारी दिशांना फिरवून होकायंत्रही जुळवून दिलं, कारण शेजारी नवं यंत्र आलं की ते बिघडतं. विमान घेतल्यापासून गोपिका त्यात एकदाही बसली नव्हती. “वर रस्ता चुकला तं इचारान कोणाले?” हा तिचा सवाल. आता विचारायची सोय झाली, म्हणून ती तयार झाली. दसऱ्याला उमरेडवर यायचं, तुमच्या गच्चीवर आपट्याच्या पानांचं सोनं टाकायचं आणि परत फिरायचं, असा बेत ठरला.

उडालो झकास. होकायंत्राकडे पाहत मी सरळ उमरेडची दिशा धरली. थोड्या वेळानं खाली भलीमोठी नदी दिसली. गोपिका म्हणाली, “अवो, उमरेडले एवढी नदी कवापासून आली?” मी म्हणालो, पाऊस जास्त झालाय यंदा. मग मोठा पूल दिसला. मी म्हणालो, नवीन बांधला असेल. (सरकारी कामं अशी न सांगता होत नाहीत हे मला माहीत आहे, पण त्या क्षणी दुसरं काही सुचेना.) एक गच्ची बघून मी सोनंही टाकलं. ती भंडाऱ्यातली कुणाची तरी गच्ची होती. त्या गृहस्थांचा दसरा माझ्यामुळे चांगला गेला असेल.

टॉवरला विचारा, असं ती म्हणत होती. आता तुम्हीच सांगा, फ्लाइंग क्लबातली सगळी मंडळी सणाची जमलेली, टॉवरचं बोलणं कर्ण्यावर ऐकत बसलेली, त्यांच्यासमोर मी रस्ता विचारायचा? मी नाही म्हणालो. पेट्रोलचा काटा उतरायला लागला, तरी नाही म्हणालो. तेव्हा तिनं माझ्या हातातला माइक ओढला आणि बोलली, “टावरवाले भाऊ, आमचे हे रस्ता चुकून राहिले, अन् कबूल काहून करत नाहीत ते मले समजत नाही.” टॉवरवाल्या भाऊंनी तिला नदी, पूल, रेल्वेचे रूळ असं सगळं विचारून घेतलं आणि रुळांवरून नागपूरला परत या म्हणून सांगितलं. परतीभर ती बोलत होती आणि मी चालवत होतो. उतरल्यावर क्लबातल्या लोकांनी मला सोनं दिलं आणि तिला हार घातला. दुसऱ्या दिवशी, “इमान ठेवा नाई तं मले ठेवा,” म्हणून ती उमरेडच्या एस्टीत बसली.

रस्ता चुकण्याचं खरं कारण फक्त तुम्हाला सांगतो. खंडेनवमीला आपल्या ट्रकांची पूजा झाली, तशी तिनं विमानाचीही केली. आपल्या प्रत्येक ट्रकला पुढे घोड्याची नाल असते. विमानाला नव्हती. दृष्ट लागू नये म्हणून तिनं एक नाल लाल दोऱ्यानं आत बांधली, आणि मी हसेन म्हणून अशी लपवली की ती होकायंत्राच्या बरोबर खाली आली. गोपिका गेल्यावर नत्थूजीला ती नाल सापडली. लोखंडानं होकायंत्राला भंडाऱ्याकडे ओढलं. गोपिकेला यातलं काही ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायला नको. माझ्या जिवाच्या काळजीनं जे बांधलं, त्यानंच दोघांचे जीव टांगणीला लागले, हे तिला कळलं तर ती जेवायची नाही. मी गाढव ठरलो तर मला चालतं, सवय आहे.

तेव्हा विमान विकण्याची भाषा सोडा. येत्या रविवारी मी एकटा उमरेडवरून चकरा मारणार आहे, ज्याला पाहायचं त्यानं पाहावं.

आपला न नमणारा,
भैय्याजी

ता. क. रविवारी गच्चीवर चढू नका. गुडघा जपा. मी येणार नाही.

आणखी ता. क. चौकशीला विमान खात्याचे साहेब आले होते. होकायंत्राखाली लोखंड कुणी बांधलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, म्या बांधलं. माझा परवाना सहा महिने बंद झाला आहे. हे गोपिकेला सांगू नका. तिला सांगा, तुझ्या रागाला भिऊन भैय्याजीनं विमान शेडमध्ये उभं केलं. तेही अगदीच खोटं नाही.