शत्रूसाठी वेगळी वही

३ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प दोन दिवस उशिरा लिहितो आहे, कारण एक तारखेला ही रोजनिशी सापडलीच नाही. सापडली ती भलत्याच कप्प्यात. कोणी हलवली, हा प्रश्न आहेच.

संकल्प. रोज दहा तास अभ्यास. दिवाणी प्रक्रिया, करार, मालमत्ता, मुदतीचा कायदा, सगळं तोंडपाठ. कोर्टात सीनियर बोलावतील तेव्हाच जायचं. (गेल्या वर्षात त्यांनी तीनदा बोलावलं, त्यामुळे हा संकल्प सहज पाळता येईल.) आणि कोणावरही विश्वास ठेवायचा नाही.

न्यायाधीशाच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसतो आहे. हे शेवटचं. नोव्हेंबरात पस्तीस पूर्ण होतात, मग वयाची अट आडवी येते. पहिल्या वेळी चार मार्कांनी गेलो, दुसऱ्या वेळी अकरा. याचा अर्थ मी मागे गेलो असा नाही, बाकीचे पुढे आले. ते कसे आले याची चौकशी कोणी केलेली नाही.

५ जानेवारी
वाचनालय. भिंतीला पाठ लावून बसायची जागा मिळवली. आता मागून कोणी डोकावू शकत नाही. समोरून डोकावू शकतात हे अकरा वाजता लक्षात आलं.

समोरच्या टेबलावर एक जाड चष्मेवाला. त्याच्यापुढे करार कायद्याची प्रश्नोत्तरं. एकेका ओळीखाली पट्टी धरून वाचतो. इतक्या बारकाईनं वाचणारा माणूस साधा नसतो. केस पांढरे आहेत, पन्नाशी सहज ओलांडलेली दिसते. मग वयाच्या अटीतून हा सुटला कसा? कुठेतरी पाणी मुरतंय.

८ जानेवारी
चष्मेवाला आमच्या क्लासला येत नाही. म्हणजे त्याला क्लासची गरज नाही. म्हणजे त्याच्याकडे काहीतरी आहे.

आज अभ्यास साडेतीन तास. उरलेला वेळ निरीक्षणात गेला, पण तोही परीक्षेचाच भाग धरतो.

१२ जानेवारी
क्लासची मॉक टेस्ट. शंभरपैकी त्रेचाळीस. प्रश्न कपटी होते. एकानं भावाला घर बक्षीस दिलं, भावानं ते स्वीकारण्याआधी देणारा वारला, तर बक्षीस पूर्ण झालं का? उत्तर उघड आहे: नाही. पण इतकं उघड उत्तर न्यायाधीशाच्या परीक्षेत कोण ठेवेल? म्हणून मी ‘हो’वर खूण केली. उत्तर ‘नाही’च निघालं.

क्लासचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, अहो वकीलसाहेब, प्रश्नाला प्रश्न म्हणून घ्या, आरोपी म्हणून घेऊ नका. सगळे हसले. कोण कोण हसलं ते लिहून ठेवलं आहे.

१६ जानेवारी, दुपारी ४
पुरावा मिळाला. चहाला उठलो तेव्हा माझ्या नोट्सची वही पान बासष्टवर उघडी होती. परत आलो तर चौसष्ट! ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पंख्यानं उडालं असेल. पंखा एकच पान उलटून नेमका थांबतो? बाई कोणाच्या बाजूच्या आहेत तेही एकदा पाहायला हवं.

तीन वर्षांची माझी मेहनत, आणि हा पट्टीवाला ती आयती खाणार. अंगाचा तिळपापड झाला. घरी येताना रस्त्यातच योजना सुचली. चोराला हवी आहे ना वही? मग त्याला वही द्यायची. फक्त आतला माल खोटा.

२८ जानेवारी
खोटी वही तयार. बारा दिवस लागले. खरी वही या काळात उघडता आली नाही, पण युद्धात एवढं चालायचंच.

काम सोपं नव्हतं. खोटं असं लिहायचं की चोराला शंका येऊ नये. सरकारवर दावा लावण्याआधी नोटीस द्यावी लागते दोन महिन्यांची, मी लिहिली सहा महिन्यांची. मालकी हक्कावरून घराचा ताबा मागायची मुदत बारा वर्षं, मी केली तीन. मध्ये मध्ये खरंही पेरलं. लाल शाईत मथळे, हिरव्या शाईत कलमं, अक्षर मोत्यासारखं. पाठ करायला सोपं जावं म्हणून चालीसुद्धा बांधल्या: सरकारला सहा, ताब्याला तीन. दिवसभर गुणगुणत होतो. खऱ्या वहीचं अक्षर इतकं घाईचं आहे की काही पानं मलाच लागत नाहीत. त्या मानानं ही फार देखणी झाली. दोनदा वाचून काढली.

हिला काही सांगितलं नाही. ही बँकेत काम करते, तिथे दिवसाला शंभर माणसं येतात, बोलता बोलता एखादा शब्द निसटायचा.

३० जानेवारी
वही टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेलो. चष्मेवाल्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. कसलेला आहे.

१ फेब्रुवारी
वही ‘विसरून’ घरी आलो. मुद्दाम, हे लिहून ठेवतो. जेवण गेलं नाही. हिनं विचारलं, बरं वाटत नाही का. ताकास तूर लागू दिली नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी १०
मासा गळाला लागला! मी पोचायच्या आधीच चष्मेवाला वही घेऊन दारात उभा. म्हणाला, तुमची राहिली होती, आत नाव नव्हतं पण लाल-हिरव्या शाईवरून ओळखलं. आणि जरा ओशाळून म्हणाला, थोडी ढवळाढवळ केली आहे, राग मानू नका.

उघडून पाहतो तर पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. सतरा ठिकाणी. ‘सहा’ खोडून ‘दोन’. ‘तीन’ खोडून ‘बारा’. समासात बारीक अक्षरात कलमांचे आकडेसुद्धा.

२ फेब्रुवारी, दुपारी
डोकं सुन्न झालंय. सतराच्या सतरा दुरुस्त्या माझ्या खऱ्या वहीशी जुळतात. म्हणजे यानं खरी वही आधीच वाचलेली आहे! दुसरा अर्थच होत नाही.

पण मग मला परत का दिली? दुरुस्त करून? स्पर्धक स्पर्धकाला मदत का करेल? करणार नाही. म्हणजे त्यानं लिहिलेलं चूक असणार. पण ते माझ्या खऱ्या वहीसारखंच आहे. मग माझी खरी वही चूक आहे का? पुस्तकात पाहून सोक्षमोक्ष लावता आला असता, पण पुस्तक चष्मेवाल्याच्या टेबलावर होतं आणि मी त्याच्याकडे मागायला जाणार नाही.

संध्याकाळी सगळ्या पेन्सिलखुणा खोडून टाकल्या. शत्रूचं अक्षर घरात नको.

११ फेब्रुवारी
ही म्हणाली, चार आठवडे राहिलेत, रोज ऑफिसातून आल्यावर मी तुला प्रश्न विचारत जाते. आणि माझ्या पिशवीतून वही काढली. खोटी! म्हणाली, किती छान लिहिलं आहेस रे, या वेळी अभ्यास मनावर घेतलेला दिसतोय.

आता काय बोलणार? खरं सांगावं तर सगळा बेत फुटतो. आणि ती इतकी खूश होती. तिनं विचारलं, सरकारवर दावा लावण्याआधी नोटीस किती? मी म्हणालो, सहा महिने. ती म्हणाली, शाब्बास.

थोडे दिवस चालवून घेतो. डोक्यात दोन्ही वह्या वेगळ्या ठेवणं मला अवघड नाही. न्यायाधीशाला दोन्ही बाजू ऐकाव्याच लागतात.

२१ फेब्रुवारी
सत्तरपैकी सत्तर! न अडखळता. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं. ही कुठली वही होती ते क्षणभर विसरलो.

२३ फेब्रुवारी
हिला बढती आली आहे. शाखेची मॅनेजर, दुसऱ्या शहरात. याआधी दोनदा आली होती, दोन्ही वेळा माझ्या परीक्षेमुळे नाकारली. ही तिसरी. पुन्हा नाकारली तर यादीतून नावच जातं म्हणे.

ही शांतपणे म्हणाली, तू न्यायाधीश झालास तर तुझी नेमणूक कुठे होईल सांगता येत नाही, आणि तिकडे गेले तर तीन वर्षं बदली मागता येणार नाही, म्हणजे तू एकीकडे आणि मी एकीकडे. म्हणून एकच सांग. होईल? खरं सांग.

मी म्हणालो, शंभर टक्के.

ती म्हणाली, हो, मी पाहतेय ना रोज, सत्तरपैकी सत्तर.

या घटकेला सांगायला हवं होतं का? विचार केला. पण आता सांगितलं तर तिचा विश्वास उडेल, आणि परीक्षेच्या तोंडावर घरात अविश्वासाचं वातावरण बरं नाही.

२६ फेब्रुवारी
हिनं नकार लेखी दिला. तिच्याच शाखेतल्या ज्युनियरला ती जागा मिळाली. तो घरी पेढे घेऊन आला. माझ्याकडे बघून जरा जास्तच हसला. का?

८ मार्च, परीक्षा
केंद्रावर चष्मेवाला दिसला नाही. दुसरं केंद्र मिळवलं असणार, तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

पेपर सोपा. संशय यावा इतका सोपा. नववा प्रश्न: सरकारवर दावा लावण्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत. डोक्यात लगेच चाल वाजली, सरकारला सहा. मग आठवलं, थांब, ही शत्रूसाठीची. म्हणजे खरं वेगळं आहे. काय आहे? खऱ्या वहीचं पान डोळ्यांसमोर आणलं तर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. खोट्या वहीचं पान मात्र लाल-हिरवं लख्ख दिसत होतं, आणि त्यातून हिचा आवाज, शाब्बास.

सहावर खूण केली. पर्यायात सहा दिलेलं होतं, म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच.

१५ मार्च
उत्तरतालिका लागली. सात उत्तरांवर माझा आयोगाशी मतभेद आहे. सातही उत्तरांवर लेखी आक्षेप पाठवले. उत्तरतालिका कोणी तयार केली याचीही माहिती मागवली आहे. हिला सांगितलं, थोडा तांत्रिक घोळ आहे. ती म्हणाली, असू दे, तुझं सगळं पाठ होतं.

१७ एप्रिल
निकाल. साडेसहा मार्कांनी गेलो. आक्षेप सगळे फेटाळले. ते सात प्रश्न बरोबर आले असते तर उरून पुरले असते, शिवाय चुकीच्या उत्तरांचे कापले जाणारे मार्कही वाचले असते. हा हिशेब चार वेळा केला.

यादीत चष्मेवाल्याला शोधायचं होतं, पण त्याचं नाव काय हे मी कधी विचारलंच नाही.

१८ एप्रिल
वाचनालयात जाऊन ग्रंथपाल बाईंना विचारलं, तो समोर बसणारा पास झाला का? त्या म्हणाल्या, कशात? ते परीक्षेला कशाला बसतील, ते कायद्याच्या पुस्तकांची प्रुफं तपासतात. घरी नातवंडांचा गोंधळ असतो म्हणून इथे येतात. पंचवीस वर्षं हेच काम. बाईंना कौतुक होतं, म्हणाल्या, चूक दिसली की त्यांचा हात थांबत नाही, आमच्या नोटीसबोर्डावरच्या सूचनाही दुरुस्त करून जातात.

तेवढ्यात तोच आला. मला ओळखलं. म्हणाला, काय झालं हो परीक्षेचं? त्या सतरा जागा दुरुस्त केल्या तेव्हा घरी जाऊन बायकोला म्हणालो, पोराचं अक्षर सुरेख आहे, कोणीतरी चुकीचं शिकवलंय बिचाऱ्याला, वेळेवर हाती लागली वही.

मी म्हणालो, निकाल अजून लागायचा आहे. आणि घरी आलो.

१९ एप्रिल
हिला सगळं सांगितलं. दोन वह्या, पेन्सिल, सत्तरपैकी सत्तर. शेवटी तिनं एवढंच विचारलं, मी रोज विचारत होते तेव्हा तुला माहीत होतं? मी हो म्हणालो. ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. फार लाज वाटते आहे. याला कारण शोधत बसलो होतो, सापडलं नाही.

२३ एप्रिल
त्या ज्युनियरचा उद्या शाखेत निरोपसमारंभ आहे. भाषण हिच्याकडे आलं आहे. तिनं लिहिलं आणि माझ्या हातात दिलं, म्हणाली, तू वकील आहेस, एकदा नजर घाल.

एका पानाचं आहे. त्यात लिहिलं आहे की मोठी जबाबदारी समोर आली तेव्हा हे डगमगले नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांच्याशी खरं बोलून त्यांना साथ दिली.

ही स्वयंपाकघरातून विचारत होती, काही बदलायला हवं का.

नाही म्हणालो.