सतरा नंबरचं उत्तर

१० नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. खडूचा डबा पण अजून उघडला नव्हता, तोवर मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. इंग्रजीच्या टीचर नया नगरकडच्या एका इंग्लिश मीडियमला गेल्या. राजीनामा व्हॉट्सॲपवर. आजपासून चौथीचं इं. माझ्याकडे. म्हटलं, बाई, एकतीस वर्षं मराठी आणि गणित शिकवतेय मी, माझं इं. म्हणजे रिक्षात बसल्यावर लेफ्ट-राइट. मोठ्या बाई म्हणाल्या, "इथे दुसऱ्या कोणाला तेवढं तरी येतंय? घ्या तुम्हीच." झालं. पडलं गळ्यात.
घरी ह्यांना सांगितलं तर हे खो खो हसले. संध्याकाळचा चहा स्वतःच करून घ्या म्हटलं मग.

१२ नोव्हेंबर, बुधवार
शाळा सुटताना चौथीतल्या तनूचे वडील फाटकाशी उभे. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला आहेत, कानाच्या पाळ्यांपर्यंत काळी भुकटी. हिंगोलीकडचे. मी परभणीची. त्यामुळे बोलायला लागले की माझ्या पण तोंडात तिकडची बोली येते.
"बाई, पोरगी इंग्रजी बोलायलीय का न्हाई?"
म्हटलं, शिकतेय हळूहळू. तर म्हणाले, आम्ही दोघं दिवसभर कामाला, खोलीत ती एकटी, जिवाला घोर. गावाहून म्हातारी रोज फोन करते, पोरीला माझ्याकडं धाड. "इंग्रजीसाठी ठिवलंय बाई इथं. तेच येईना तर ठिवून काय करू? नाताळापर्यंत बघतो."
गावी गेली की म्हातारीची पाणी भरायची सोय होणार, एवढंच. शाळा दोन किलोमीटरवर. पाऊस आहे म्हणून नाही, घरी पाहुणे आहेत म्हणून नाही, असं करत करत शाळा सुटते आणि मग एक दिवस स्थळ येतं. माझ्या धाकट्या बहिणीचं डोळ्यांदेखत असंच झालं. म्हणून बोलून गेले, नाताळाच्या आत बोलायला लावते, माझा शब्द.
कशाच्या जोरावर दिला शब्द, देव जाणे. म्हणजे तोही मी मानत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आठवडा झाला. सगळ्या वर्गाला एकदम विचारलं की छप्पर उडेल असं ओरडतात. एकट्याला उभं केलं की मुके. तनू तर फ्रॉकची कड पिळत खाली बघते. नऊ वर्षांची पोर, मराठीत इतकी बडबडी की मधल्या सुट्टीत तिला गप्प करावं लागतं.
मी तरी काय करतेय? हातात गाईड. इंग्रजी ओळीखाली मराठीत उच्चार छापलेत, ते वाचते. साहिलने विचारलं, "बाई, 'देअर' म्हणजे काय?" म्हटलं, ते पुढच्या धड्यात आहे.
लाज वाटली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आता नवीन. कुठल्याशा ट्रस्टच्या मॅडम बारा डिसेंबरला येणार, चौथीचं इं. बघायला. बाहेरच्या देशांत लहान मुलांना इंग्रजी शिकवून आल्यात. त्यांना पसंत पडलं तर ट्रस्ट आपल्याला इं. चा शिक्षक देणार. पालकांना पण बोलवायचं. मोठ्या बाई: "काही करा, पण मुलं बोलली पाहिजेत."
काही करा. बरं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
केलं. पोरं चोवीस. गाईडातून चोवीस प्रश्न काढले, प्रत्येकाला एक. बाकांच्या रांगेने नंबर दिले. एक नंबर साहिल: व्हॉट इज युवर नेम? माय नेम इज साहिल. दोन नंबरला वय. तीनला शाळेचं नाव. ज्याने त्याने आपलंच उत्तर पाठ करायचं. प्रश्नाकडे लक्ष द्यायची पण गरज नाही, आधीचा खाली बसला की आपण उठायचं.
तनू सतरा. डू यू लाइक मँगो? यस, आय लाइक मँगो. सोपं दिलं मुद्दाम.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
काय सांगू, गाडी धावायला लागली! सरसर चोवीसच्या चोवीस. तनू सगळ्यांत खणखणीत. हात बाजूला ताठ, मान वर, "यस! आय लाइक मँगो!" मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पण दोन मिनिटं खरंच वाटलं की मला शिकवता येतं.
नवघर नाक्यावर भाजी घेताना तनूचे वडील भेटले. "बोलायलीय का बाई?" म्हटलं, बोलते हो, चांगली बोलते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि थेट बिल्डिंगच्या दारापर्यंत आणून दिली.
खोटं नाही बोलले. म्हणजे तसं बघितलं तर.

३ डिसेंबर, बुधवार
तिसरी घंटा. चौदा नंबर उभा होता. तनू खिडकीतून बाहेर बोट दाखवत एकदम म्हणाली, "बाई, डॉग इज स्लीप!" मी म्हटलं, "बस खाली. तुझा नंबर आलाय का?" बसली.
घरी येऊन पीठ मळताना डोक्यात उजेड पडला. बाहेर कुत्रं खरंच झोपलं होतं. पोरगी स्वतःच्या मनाने बोलली होती. मोडकंतोडकं का होईना, पण ते तिचं होतं. वर्षभरात या वर्गात कोणी बोललेलं पहिलं इंग्रजी, आणि मी तिला खाली बसवलं. मूर्ख बाई मी.
उद्या नंबर बंद करायचे.

४ डिसेंबर, गुरुवार
नाही केले बंद. आठ दिवस राहिलेत.

६ डिसेंबर, शनिवार
दादरला गेले नाही. हे एकटेच गेले. गुडघे दुखतात सांगितलं. गुडघे दरवर्षीच दुखतात, तरी मी रांगेत उभी राहते. यंदा कुठल्या तोंडाने उभी राहू? आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली पहिली बाई मी. आणि आता पोरांना हे देतेय.

१२ डिसेंबर, शुक्रवार
सगळं लिहून काढते.
पालक मागच्या बाकांवर. तनूचे वडील अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलेले, तोंड धुतलेलं पण बोटं काळीच. मॅडम आल्या, पन्नाशीच्या, साधी सुती साडी, छान मराठी. आल्या आल्या म्हणाल्या, "बाकं बाजूला करूया का? गोल करून खालीच बसू." पोरं धावत जाऊन मैत्रिणीशेजारी, मित्राशेजारी बसली. नंबर गेले.
साहिलला नाव विचारलं, तो वाचला. पुढच्या मुलीला वय विचारलं, ती म्हणाली, माय स्कूल इज बिग. तिसऱ्याने प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर दिलं. पालकांत खसखस. मग तनू. "व्हॉट इज युवर नेम?"
ताठ उभी राहिली. "यस! आय लाइक मँगो!"
मागची काही माणसं फिस्सकन हसली, मग सगळा वर्ग. आणि तिचे वडील सगळ्यांत मोठ्याने. आनंदाने. त्यांना काय कळणार? पोरगी इंग्रजी बोलली, लोक खूश झाले, एवढंच त्यांनी बघितलं. टाळ्या वाजवत शेजारच्याला म्हणाले, "माझी हाय ती." बाप टाळ्या वाजवतोय बघून तनूने परत म्हटलं, आणखी जोरात.
मी भिंतीकडे बघत होते.
मॅडम हसल्या नाहीत. तिला जवळ बसवून मराठीत विचारलं, "आवडतो का गं आंबा तुला?" तनू म्हणाली, "न्हाई. मला अंगावर फोड येत्यात."
एवढं पण मी विचारलं नव्हतं तिला.
नंतर मॅडम पोरांशी गप्पा मारत बसल्या. जपानमधली मुलं चुकायच्या भीतीने तोंडच उघडत नाहीत, त्यांच्यासाठी थांबून राहावं लागतं म्हणाल्या. व्हिएतनामला अख्खा वर्ग एकदम ओरडायचा आणि एकाला विचारलं की चिडीचूप. एका पोराने विचारलं, "म्हणजे त्यांना पण इंग्रजी येत नाही?" नाही म्हटल्यावर काय आनंद झाला सगळ्यांना! मला पण झाला, खरं सांगते. मला वाटायचं, हा रोग आपल्यालाच लागलाय.
जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पहिल्या वर्षी तिकडे मी पण हेच केलं होतं. मुलं सुटतात यातून. वेळ द्या." त्यांनी झापलं असतं तर बरं झालं असतं. ट्रस्टचं काय ते नंतर कळवणार.
तनूचे वडील फाटकात हात जोडून, "बाई, तुमचे लई उपकार." मी मान हलवली. तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

१५ डिसेंबर, सोमवार
तनू गैरहजर.
साहिल तिच्याच गल्लीत राहतो. म्हणाला, शनिवारी त्याच्या मम्मीने तनूच्या पप्पांना सांगितलं. नळावर पाणी भरताना. वाईट मनाने नाही, सहज. "भैया, नाम पूछा था, वो आम बोली. इसलिए सब हँस रहे थे." साहिलने मम्मीची नक्कल करून दाखवली. मग मला विचारतो, "बाई, तुम्ही रडताय?"
सर्दी झालीय म्हटलं.

१७ डिसेंबर, बुधवार
वडील आले. दाखला मागायला. रविवारची ट्रॅव्हल्स बुक केलीय, काशीमिऱ्याहून संध्याकाळी सहाला.
ते खाली बघत म्हणाले, "सगळ्यात जोरात मीच हसलो, बाई." मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं काय न्हाई. तुमी आपल्याकडच्या. तुमी तरी सांगायचं हुतं."
चुकलं माझं, म्हटलं. ते म्हणाले, "चुकलं म्हणून काय हुतंय आता." बरोबर आहे.
मोठ्या बाईंनी लगेच दाखला लिहायला लावला, सही-शिक्का पण केला. पट एकाने कमी झाला म्हणून चिडल्यात, माझ्यावर. दाखला मी पर्समध्ये टाकला आणि तनूच्या वडिलांना म्हटलं, शनिवारी घरी आणून देते. का म्हटलं? दोन दिवस तरी मिळावेत म्हणून.

१९ डिसेंबर, शुक्रवार
नंबर बंद केले आज. पोरांना म्हटलं, आता कोणीही काहीही विचारा, काहीही सांगा, चुकलं तरी चालेल. तासभर कोणी बोललं नाही. सतरा नंबरची जागा रिकामी, अठरा नंबर तिथपर्यंत बघतो आणि अडतो.
ह्यांना सगळं सांगितलं. यावेळी हसले नाहीत. म्हणाले, जाऊन तोंड दाखव त्यांना, आणि पोरगी रोज संध्याकाळी आपल्याकडे बसू दे की, कोणाचं काय जातंय. एकतीस वर्षांत पहिल्यांदा उपयोगाचं बोलले.

२० डिसेंबर, शनिवार
शाळेतून थेट त्यांच्या खोलीवर गेले. आई प्रवासासाठी दशम्या लाटत होती. तनूची बॅग भरून दाराशी. तनू मला बघून आधी हसली, मग बापाकडे बघून थांबली.
मी सरळ बोलले. मला इंग्रजी येत नाही. पोरांना मी रांग शिकवली, भाषा नाही. तनूची काही चूक नाही, तिला डोकं आहे, मी ते दाबलं. शाळा सुटल्यावर ती रोज माझ्या घरी बसेल, तुम्ही कामावरून याल तेव्हा घेऊन जा, एकटी राहायचा प्रश्न नाही. इंग्रजी आम्ही दोघी मिळून शिकू, पहिल्यापासून. परीक्षेपर्यंत ठेवा. गावी गेल्यावर काय होतं ते तुम्हाला पण माहितीय, मला पण.
आई लाटायची थांबली होती. वडिलांनी दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हातारीला शब्द दिलाय मी. पण पोरीच्या मनाविरुद्ध न्हाई करायचं मला. तिलाच इचारा. ती जे म्हणल ते."
मला इतकं हलकं वाटलं! तनूला मैत्रिणी सोडून जायचं नाहीये हे साहिलला ठाऊक, अख्ख्या वर्गाला ठाऊक. मी आमच्या बोलीत विचारलं, "तनू, तुला हितं ऱ्हायचंय का गावाकडं जायचंय गं? खरं खरं सांग."
ती उठून उभी राहिली. हात बाजूला ताठ, मान वर. बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली,
"बाई, ह्याचं उत्तर काय हाय?"
आई हसली. वडील नाही हसले. म्हटलं, तुला वाटेल ते सांग बाळा, ह्याचं उत्तर मी नाही सांगायचं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी एक शब्द बोलले असते तरी तिने तो जसाच्या तसा म्हटला असता, आणि वडिलांनी ऐकला पण असता. नाही बोलले. पुन्हा तेच कसं करू?
वडील म्हणाले, "उद्या दुपारपतुर बघतो." दाखला पर्समध्येच राहिला, त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही.
दाराबाहेर चपला घालताना वळून बघितलं तर तनू अजून उभीच होती. तिला बस म्हणायचं राहूनच गेलं होतं.